आवडलं नाही गं, लाइक केलं

२०१४ सालची गोष्ट. माझ्या आजीची धाकटी बहीण गेली. मामाने फेसबुकवर तिचा एक जुना फोटो टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आजीजवळ बसून तिला मोबाइल दाखवत होता. कोणाकोणाला कळलं, कोण काय म्हणालं, अमेरिकेतल्या कोणी काय लिहिलं, असं सगळं चाललं होतं. आजीने चष्मा जरा वर सरकवला आणि विचारलं, "हे एकशे चौदा काय आहे?"

"लाइक आहेत."

"म्हणजे काय?"

मामा अडखळला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला सगळं येतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, "म्हणजे एवढ्या लोकांना आवडलं, आजी."

आजी बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझी बहीण गेलेली आवडली?"

मामा घाईघाईने म्हणाला, "आवडलं नाही गं आई. लाइक केलंय."

त्या वाक्यावर आम्ही पुढे अनेकदा हसलो. घरात ती म्हणच झाली. भाजी बिघडली की कोणीतरी म्हणणारच, "आवडली नाही, लाइक केलीय." पण हळूहळू मला वाटू लागलं की मामा घाईत जे बोलला ते भाषेच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर होतं. चूक माझी होती. मी 'लाइक'चं भाषांतर 'आवडणं' असं केलं. शाळेच्या डिक्शनरीत तेच आहे, तुम्हीही तेच शिकला असाल. इंग्रजीतल्या एका साध्या क्रियापदाचा हा साधा अर्थ आपण कधी तपासूनच पाहिला नाही. या लेखात तो तपासायचा आहे, कारण आपण दिवसातून कितीतरी वेळा हे क्रियापद अंगठ्याने वापरतो, आणि ते वापरताना नेमकं काय म्हणतो हे आपल्यालाही ठाऊक नसतं.

*

सुरुवात जुन्या इंग्रजीपासून करू. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या क्रियापदाचं रूप होतं 'लीकियन', आणि त्याचा अर्थ होता 'पसंत पडणं, रुचणं'. म्हणजे 'मी अमुक लाइक करतो' असं तेव्हाचा माणूस म्हणत नव्हता. 'अमुक मला लाइकतं' अशी त्याच्या वाक्याची घडण होती. कर्ता ती वस्तू. माणूस चतुर्थीत. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ही घडण लगेच ओळखू येईल. मला आंबा आवडतो. मला चिंच आवडते. मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, चिंचेप्रमाणे बदलतं. माझ्याप्रमाणे बदलत नाही. मी त्या वाक्यात 'मला' होऊन एका कडेला बसलेली असते.

मग इंग्रजीत उलथापालथ कशी झाली? ओटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक उदाहरण रचून ते समजावलं. 'राजाला नाशपाती आवडल्या' असं जुन्या इंग्रजीतलं एक वाक्य घ्या. त्यात 'राजाला'चा प्रत्यय आहे, क्रियापद नाशपातींप्रमाणे अनेकवचनी आहे. पुढच्या शतकांत इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झिजत गेले. 'राजाला' आणि 'राजा' यांच्यातला फरक ऐकू येईनासा झाला. राजा वाक्याच्या आरंभीच होता, आणि इंग्रजीत वाक्याच्या आरंभी कर्ता बसू लागला होता. ऐकणाऱ्यांनी राजालाच कर्ता समजायला सुरुवात केली. शब्द होते त्याच क्रमाने राहिले आणि अर्थाची सूत्रं मात्र नाशपातींकडून राजाकडे गेली.

हे एका रात्रीत झालं नाही. शेक्सपिअरच्या काळात दोन्ही घडणी चालत होत्या. 'किंग लिअर'मध्ये केंट एका नोकरावर भडकतो. त्याचा गुन्हा काय असं विचारल्यावर तो म्हणतो की याचा चेहरा मला रुचत नाही, आणि ते तो जुन्या पद्धतीने म्हणतो: चेहरा कर्ता, आपण चतुर्थीत. त्या वाक्यात सगळा दोष चेहऱ्याकडे जातो. मी काही करत नाहीये, तो चेहराच मला रुचण्याचं काम नीट करत नाहीये! आज तेच वाक्य नव्या इंग्रजीत म्हटलं तर नावडण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर येते.

मराठीत असं झालं नाही, कारण आपला 'ला' टिकला. एवढासा प्रत्यय, पण 'राजाला' कर्ता होण्यापासून त्यानेच अडवलं. जर्मन आणि स्पॅनिश भाषाही इथे आपल्या बाजूच्या. म्हणून फेसबुकचं ते बटण इंग्रजीत 'लाइक' असलं तरी जर्मनमध्ये 'गेफेल्ट मिअर' आहे आणि स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता'. दोन्हींचा अर्थ शब्दशः 'मला आवडतं'.

आणखी मागे गेलं तर गोष्ट गमतीची होते. या क्रियापदाचं मूळ एका जुन्या जर्मानिक शब्दात आहे. 'लीक' म्हणजे देह, शरीराची घडण. सारख्या घडणीचं ते 'लाइक', म्हणजे 'सारखं'. आणि घडणीला जे साजतं ते रुचतं, म्हणून 'लाइक' हे क्रियापद. हाच 'देह' आजच्या जर्मनमध्ये 'लाइशं' या शब्दात उरला आहे आणि त्याचा अर्थ आहे प्रेत. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं एक फाटक असतं, त्याला 'लिच-गेट' म्हणतात. धर्मगुरू येईपर्यंत शवपेटी तिथे विसावायची. म्हणजे आजीने बहिणीच्या फोटोखालच्या त्या अंगठ्याकडे बघून जो प्रश्न विचारला, त्या प्रश्नातला मृतदेह या शब्दात आधीपासूनच होता. अर्थात हा योगायोग आहे, पुरावा नाही. पण शब्दांच्या बाबतीत असे योगायोग लक्षात ठेवावेत.

*

माझी भाची न्यू जर्सीत वाढते आहे. ती सहा वर्षांची असताना व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आजी, मी पुरणपोळी आवडते." सगळे हसले. मग मला म्हणाली, "मावशी, मी तुला आवडते." तिला म्हणायचं होतं की तू मला आवडतेस. मराठीत मात्र तिने अगदी उलट सांगितलं: तुला मी आवडते. मी म्हटलं, "हो गं, खूप आवडतेस." तिला उत्तर विचित्र वाटलं असणार, पण तिने चालवून घेतलं.

इंग्रजीला जे करायला काही शतकं लागली, ते माझ्या भाचीने एका वाक्यात केलं. तिच्या डोक्यात 'आवडणारा' तो कर्ता, हे इंग्रजीने पक्कं बसवलेलं आहे. ही चूक आहेच. पण तिच्या चुकीमुळे मला आपल्या वाक्यातली एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली. 'तू मला आवडतेस' या वाक्यात क्रियापदाला जो 'स' लागतो तो समोरच्या माणसाचा आहे. मुलगा असेल तर 'आवडतोस', मुलगी असेल तर 'आवडतेस'. बोलणारा कोण आहे हे त्या वाक्यावरून कळतसुद्धा नाही. सगळं वाक्य समोरच्याकडे वळलेलं आहे. याउलट 'मी तुला लाइक करतो' म्हटलं की क्रियापद माझं होतं, पुरुषही माझा आणि लिंगही माझं. तू फक्त कर्म.

आता प्रत्यक्ष वापर बघा. कॉलेजात 'तो तिला लाइक करतो' हे वाक्य 'ती त्याला आवडते' या वाक्याच्या एक पायरी खाली आहे. 'लाइक करतो'मध्ये माघार घ्यायला जागा आहे. उद्या म्हणता येतं की आता नाही करत. करणं थांबवता येतं. 'आवडते' म्हटलं की ते आपल्या हातात उरत नाही, ते आपल्यावर येऊन पडलेलं असतं. म्हणून पहिल्यांदा बोलताना पोरं इंग्रजीचा आडोसा घेतात आणि फार आतलं सांगायचं झालं की 'मला' म्हणून सुरुवात करतात. मराठीने एका कल्पनेसाठी दोन क्रियापदं ठेवली आणि दोघांत कामं वाटून दिली.

आणि म्हणूनच मामाचं वाक्य शक्य झालं. 'आवडलं नाही, पण लाइक केलं' हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. इंग्रजीत तेच सांगायचं तर एकच क्रियापद एकदा नाकारून दुसऱ्यांदा कबूल करावं लागतं आणि ऐकणारा गोंधळतो. बटण दाबणं आणि पसंत पडणं यांना तिथे एकच शब्द आहे. जर्मन मुलांकडे त्यांचं स्वतःचं 'मला आवडतं' बटणावर लिहिलेलं होतं, तरी बटण दाबण्याच्या कृतीसाठी त्यांनी इंग्रजीतून 'लाइकन' असं क्रियापद उचललंच. त्यांनाही दोन वेगळे शब्द हवे होते. मराठीत इंग्रजी घुसल्याची तक्रार करणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते की 'लाइक करणं' हा शब्द आपल्याकडे रिकामी जागा बघून आला. त्याने 'आवडणं'ची जागा घेतलेली नाही. उलट तो बाहेर उभा राहून 'आवडणं'चं रक्षण करतो आहे.

*

मग 'लाइक करणं' म्हणजे नेमकं काय?

फेसबुकमध्ये या बटणाचं काम २००७ मध्ये सुरू झालं. तेव्हा त्याचं नाव 'ऑसम' ठरत होतं. ते लोकांसमोर आलं ९ फेब्रुवारी २००९ रोजी, 'लाइक' हे नाव घेऊन. त्यामागचा एक हेतू साधा होता: एकाच पोस्टखाली पन्नास जण तेच ते 'अभिनंदन' लिहितात, त्यापेक्षा एका टिचकीत ते सांगता यावं. म्हणजे जन्मतःच हे बटण पोचपावती होतं. पण त्यावर शब्द मात्र पसंतीचा चिकटवला. पुढची सगळी गडबड या नावामुळे झाली. 'पाहिलं' असं नाव असतं तर आजीने काही विचारलं नसतं. यूट्यूबने २०१० मध्ये पाच ताऱ्यांची पद्धत काढून अंगठा आणला. ट्विटरने नोव्हेंबर २०१५ मध्ये ताऱ्याच्या जागी बदाम ठेवला आणि 'फेव्हरिट'चं 'लाइक' केलं. दुःखाच्या बातमीला लाइक करताना लोकांचा हात अडखळतो हे फेसबुकला उशिरा पटलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये रडका चेहरा, रागीट चेहरा वगैरे मंडळी आली.

आपल्याकडे या खुणेला आधीच इतिहास होता. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं. मिळणार नाही, जा! आणि अंगठाबहाद्दर म्हणजे ज्याला सही करता येत नाही तो. कागदावर काय लिहिलंय ते न वाचता अंगठा उठवणारा. सावकाराच्या वहीवर असे किती अंगठे उठले आणि किती जमिनी गेल्या, हे आपल्या घराघरांत कोणालातरी ठाऊक असतं. लांबलचक पोस्ट उघडल्यावर दोन सेकंदांत तिला अंगठा देताना मला ते आठवतं. वाचता येत असूनही न वाचता अंगठा उठवणारी आपली पिढी आहे.

पण लाइकचं खरं नातं मला दुसऱ्याच एका गोष्टीशी दिसतं. ती म्हणजे आहेर. लग्नात कोणी काय दिलं ते वहीत लिहून ठेवायचं, आणि त्यांच्याकडचं कार्य निघालं की तेवढंच परत करायचं. साडी आवडली का हा प्रश्न तिथे गौणच असतो. ती नेसायची नसतेच, पुढच्या आहेरात फिरवायची असते. 'तिने माझ्या एकाही फोटोला लाइक केलं नाही, मी कशाला करू' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. ते वहीतलं वाक्य आहे. आणि कोणी गेल्यावर केलेलं लाइक म्हणजे भेटायला येणं. लोक येतात, दहा मिनिटं बसतात, काही बोलत नाहीत, उठून जातात. त्यांना काय 'म्हणायचं' होतं असं आपण विचारत नाही. येणं हेच म्हणणं असतं. त्या संध्याकाळी मामाने शेवटी आजीला असंच समजावलं. आजी म्हणाली, "म्हणजे एकशे चौदा माणसं भेटून गेली म्हणायचं." मग तिने ती सगळी नावं एकेक करून वाचून घेतली.

*

इथपर्यंतची गोष्ट गमतीत घालवता आली असती, जर याच क्रियापदापायी माणसं तुरुंगाच्या दारापर्यंत गेली नसती.

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या, एका तरुणीने त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. पुढे त्यांचा खटला बंद झाला. या अटकेनंतर सर्वोच्च न्यायालयात 'श्रेया सिंघल' या नावाने ओळखली जाणारी याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं.

पोस्ट लिहिणारीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते योग्यच होतं. माझं मन दुसरीपाशी अडतं. तिने काय केलं होतं? व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर सगळा प्रश्न 'मला आवडलं' आणि 'मी लाइक केलं' यांच्यामधला आहे. आवडणं घडतं. माझ्या नकळत, माझी परवानगी न घेता घडतं. कोणालाही आवडण्याबद्दल अटक करता येत नाही, कारण तिथे करणारा कोणी नाहीच. 'मला' या शब्दाला बेड्या घालता येत नाहीत. पण लाइक 'केलं' म्हटलं की कर्ता येतो, कृती येते, वेळ येते, आणि पडद्यावर नाव येतं. मनातली गोष्ट एका टिचकीने क्रियापदाच्या दुसऱ्या गटात जाते आणि पोलिसांच्या टप्प्यात येते.

अमेरिकेतल्या एका खटल्यात याच शब्दाचा अर्थ न्यायाधीशांना ठरवावा लागला. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन गावात शेरीफची निवडणूक होती. त्याच्याच कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने विरोधी उमेदवाराचं पान लाइक केलं. शेरीफ पुन्हा निवडून आला, आणि या कर्मचाऱ्यासकट काही जणांच्या नोकऱ्या गेल्या. खालच्या न्यायालयाचं म्हणणं पडलं की नुसतं लाइक करणं म्हणजे काही बोलणं नव्हे, त्यामुळे भाषणस्वातंत्र्याचा प्रश्नच येत नाही. वरच्या न्यायालयाने २०१३ मध्ये ते फिरवलं. आपल्या अंगणात उमेदवाराची पाटी लावावी तसंच हे आहे, म्हणून हे बोलणंच आहे आणि त्याला संरक्षण आहे, असा त्याचा सूर होता. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं की एखादी पोस्ट लाइक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं किंवा पुढे पाठवणं नव्हे.

म्हणजे एका न्यायालयाला ते बोलणं वाटतं, दुसऱ्याला ते प्रसिद्ध करणं वाटत नाही, आणि पालघरच्या ठाण्यात ते गुन्ह्यासारखं वाटलं होतं. तिन्ही ठिकाणी माणसं एकाच छोट्या क्रियापदाचं भाषांतर करत होती. माझ्यासारखं भाषांतर आजीसमोर चुकलं तर लोक हसतात. ते ठाण्यात चुकलं तर एका मुलीला कोठडी बघावी लागते. 'लाइक म्हणजे आवडणं' हे शाळकरी समीकरण म्हणून मला निरुपद्रवी वाटत नाही.

*

या क्रियापदाचं दुसरं एक काम इतकं भयंकर नाही, पण ते आपल्या बोलण्यात रोज वाळवीसारखं पसरतं आहे. इंग्रजीत 'वुड लाइक' हा विनयाचा प्रकार आहे. चहा हवाय असं थेट म्हणायचं नाही, म्हणून 'चहा घ्यायला आवडेल' असं आडून म्हणायचं. इंग्रजीत ते सुंदर आहे. मराठीत शब्दाला शब्द ठेवून आणलं की काय होतं ते कॉल सेंटरवाल्यांकडून ऐका: "मॅडम, आपल्याला आमच्या नवीन योजनेबद्दल जाणून घ्यायला आवडेल का?" मी एकदा खरं उत्तर दिलं, "नाही, मला ते आवडणार नाही." पलीकडे शांतता पसरली. कारण तो आवडीबद्दल विचारतच नव्हता. टीव्हीवरचे पाहुणे 'मला इथे नमूद करायला आवडेल' म्हणतात आणि मग अपघातातल्या मृतांचा आकडा सांगतात. ऐकताना अंगावर काटा येतो.

विनयासाठी मराठीकडे स्वतःचं क्रियापद आहे, आणि ते आहे 'चालणं'. चहा चालेल? चालेल. 'चालेल काय, पळेल!' असं म्हणणारा काका प्रत्येक घरात असतो. 'चालेल'मध्ये हो आहे, पण हावरेपणा नाही. आवडेलच असा दावाही नाही. चहा टाकू का, काय घेणार, बसा ना, अशी बोलणी असताना आपण पाहुण्याला त्याच्या आवडीचा जबाब का मागतो?

*

शेवटी माझ्या धंद्याबद्दल. मी कविता लिहिते आणि अधूनमधून पुस्तकांवर लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी एक कविता फेसबुकवर टाकली. तिला दोनशेबारा लाइक मिळाले. मी दर वीस मिनिटांनी आकडा बघत होते, हे कबूल करते. चार दिवसांनी त्यातल्याच एका मैत्रिणीला विचारलं, काय आवडलं गं कवितेतलं? ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "छानच होती." तिने ती वाचली नव्हती. तिने आहेर केला होता. मला राग येण्याचं कारण नव्हतं, कारण तिच्या शेवटच्या पाच पोस्टींना मीही असेच आहेर केले होते.

त्याच आठवड्यात एका ज्येष्ठ वाचकाचा फोन आला. त्यांनी लाइक केलेलं नव्हतं. ते म्हणाले, "पहिली दोन कडवी भावली. तिसरं पटलं नाही. शेवट आवडला, पण आधी कुठेतरी वाचल्यासारखा वाटला." मी फोन ठेवला आणि पुष्कळ वेळ अस्वस्थ राहिले. तिसरं कडवं मी नंतर काढून टाकलं. माझ्या कवितेवर झालेली ती एकमेव समीक्षा, आणि तिचं सगळं यंत्र तीन क्रियापदांवर चाललं होतं.

आपल्याकडे ही यंत्रं किती आहेत बघा. जिभेला जे बरं लागतं ते रुचतं. बुद्धीला जे मान्य होतं ते पटतं. आत कुठेतरी जे लागतं ते भावतं. अंगाला जे सोसतं ते मानवतं, म्हणून एखाद्याला मुंबईची हवा आवडते पण मानवत नाही. निवड करायची असेल तर पसंत पडतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर 'मुलगी पसंत आहे' म्हणतात, 'आवडली' म्हणायला अजूनही लाजतात. एकदम नजरेत ठरतं ते मनात भरतं. आणि हे सगळे शब्द 'मला' घेऊन येतात किंवा 'माझ्या' घेऊन येतात. 'मी' घेऊन एकही येत नाही. एखादी कादंबरी पटते पण भावत नाही, एखादी भावते पण पटत नाही. या दोन वाक्यांत दोन वेगळे लेख आहेत. लाइकच्या आकड्यात त्यांच्यातला फरक मोजताच येत नाही. दोन्हींचा अंगठा एकच.

मी लाइक करणं सोडलेलं नाही. भेटून येणं मलाही हवं असतं. कंपन्यांनाही या आकड्याची लाज वाटू लागली आहे असं दिसतं. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये लाइकचा आकडा लपवायची सोय दिली, यूट्यूबने त्याच वर्षी डिसलाइकचा आकडा झाकला, आणि एक्सने जून २०२४ पासून कोणी काय लाइक केलं हे इतरांना दिसेनासं केलं. पण आकडा झाकल्याने क्रियापदाचा अर्थ बदलत नाही. मला एवढंच वाटतं की लाइकने पोच द्यावी, हजेरी लावावी, आहेर करावा. त्याला आवडीचं काम सांगू नये. आणि आवडलं असेल तर ते वाक्य पूर्ण म्हणावं. काय, कुठे, कशामुळे, आणि काय नाही. त्यासाठी समीक्षक असावं लागत नाही.

आजीकडे आता स्वतःचा स्मार्टफोन आहे. ती माझी प्रत्येक पोस्ट बघते आणि बटण कधीच दाबत नाही. ते कुठे दाबायचं ते तिला माहीत आहे, मी दोनदा दाखवलंय. गेल्या दिवाळीला मी फोटो टाकला, त्यानंतर अर्ध्या तासात तिचा फोन आला.

"फोटो पाहिला. साडी आवडली. ब्लाउजचा रंग नाही पटला. आणि केस का कापलेस?"